भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

काल मी आमच्या घरातला हिवाळा फ्रिजमधून बाहेर काढला.

बाहेरचा हिवाळा केव्हाच गेला. ठाण्याची थंडी ती काय! कानटोपी कपाटातून निघेपर्यंत हिची परतीची तयारी. सकाळी दूध घ्यायला दार उघडणारे शेजारी ‘काय गारठा पडलाय हो!’ असं एकमेकांना कौतुकानं सांगतात आणि दुपारी तेच लोक पंखा लावून जेवतात. संक्रांतीच्या आसपास खाडीवरून बोचरं वारं येतं, तिळाचे लाडू संपेपर्यंत तेही संपतं आणि शिवरात्र आली की नौपाड्याच्या रस्त्यावर कलिंगडं दिसायला लागतात.

आमच्या घरात मात्र हिवाळा असतो. खराखुरा, महिनोन्महिने टिकणारा. तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असतो, जिथे तुमच्याकडे कोथिंबीर आणि दुधी असतो. मार्गशीर्ष लागला की मी तो कप्पा रिकामा करते, पुसून घेते आणि माझ्या झाडांचे गड्डे ओल्या मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या शेवाळात, गुंडाळून, प्लास्टिकच्या डब्यात घालून तिथे झोपवते. शिवरात्रीच्या सुमारास उठवते. तोवर आमची भाजी वरच्या जाळीवर सुकते आणि घरातले लोक बोलतात. बोलू देत. कीटक खाणारी, थंड देशातली झाडं ठाण्यात वर्षानुवर्षं जगवून दाखवलीत मी. हसणाऱ्यांच्या कुंडीत साधी तुळस टिकत नाही.

डोंबिवलीच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. घटपर्णीचं चित्र मी झोपेतसुद्धा फळ्यावर काढीन. हे झाकण, हा सुरईसारखा घट, ही आत घसरलेली माशी. ‘नत्राचा अभाव असलेल्या जमिनीत’ हे वाक्य तर इतक्या वेळा लिहून दिलंय की माझ्या एखाद्या विद्यार्थिनीला आजही अर्ध्या झोपेत विचारा, ती पुढचं पूर्ण करील. पण खरी घटपर्णी मी कधी पाहिलीच नव्हती. ती घरात आणली माझ्या मुलीनं, मुक्तानं.

तिला हे वेड लागलं ते खडवलीला. पाऊस सरला होता, भात पोटरीला आलं होतं आणि मी नववीचा वर्ग सहलीला घेऊन गेले होते. मुक्ता त्याच वर्गात. मी पोरं मोजतेय, एक कमी भरतेय, पुन्हा मोजतेय. बघते तर काय, ही बया शेताच्या बांधावर पालथी पडलेली. गणवेशासकट चिखलात! मी ओरडणार तेवढ्यात तिनं तोंडावर बोट ठेवलं. तिच्या नाकासमोर बोटभर उंचीचं एक लालसर रोप होतं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. त्या थेंबांत एक चिलट अडकलं होतं आणि पान हळूहळू त्याच्यावर वळत होतं. “आई, दवबिंदू,” ती म्हणाली, “तू शिकवलेलं ना, तेच आहे हे.” मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. वर्ग तसाच उभा. साडीचा काठ चिखलात गेला तो गेलाच.

घरी आल्यावर तो गणवेश धुतला वन्संनी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. यजमान गेल्यावर त्या कल्याणचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, तेव्हा मुक्ता पाळण्यात होती. मी शाळेत, आमचे हे कचेरीत, आणि पोर वन्संच्या मांडीवर. तिचं न्हाणं-माखणं, तिचे डबे, तिची आजारपणं, सगळं त्यांनी केलं. लोक मला मुक्ताची आई म्हणतात ते कागदोपत्री खरं आहे. गणवेश घासताना त्या म्हणाल्या, “अगं, चिखलात लोळायला शाळा कशाला लागते? आमच्या म्हशी फुकट लोळायच्या.”

मग सुरू झालं आमच्या खिडकीतलं जंगल. मुक्ता खाऊचे पैसे साठवून कुठून कुठून रोपं मागवायची. आधीची सगळी मेली. नळाच्या पाण्यानं मेली, कारण या झाडांना क्षार अजिबात चालत नाहीत. म्हणून आम्ही गच्चीवर पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवायला लागलो. ते उन्हाळ्यात संपायचं. मग आमचे हे रिकामा तेलाचा डबा घेऊन शेजाऱ्यांच्या एसीखाली टपकणारं पाणी गोळा करत हिंडायचे. ‘काका, आमच्या एसीचं पण घ्या ना,’ असं लोक आपण होऊन सांगायला लागले, तेव्हा यांना जिने चढायचा आनंद व्हायला लागला.

पाण्याचं जमलं, तरी झाडं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरायचीच. उन्हानं नव्हे हो, ऊन त्यांना आवडतं. त्यांना झोप मिळायची नाही म्हणून. ही मूळची थंड प्रदेशातली. तिकडे हिवाळ्यात पानं काळी पडतात, झाड जमिनीखाली गड्ड्यात मिटून जातं आणि उन्हाळ्यासाठी ताकद साठवतं. आमच्याकडे डिसेंबर काय आणि एप्रिल काय, ते बिचारं सारखं जागंच. जागून जागून दमतं आणि जातं. मी शिक्षिका, मला हे कळायला हवं होतं; पण कळलं मुक्ताला. एका डिसेंबरात ती गड्डा धुऊन डब्यात घालून फ्रिजपाशी उभी राहिली. “आई, याला थंडी देऊया.” वन्संनी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मी तुम्हाला सांगायला बसले ती मात्र मुक्ता परदेशी गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट.

ती गणपती उरकून स्कॉटलंडला गेली, तिथल्या दलदलींवर संशोधन करायला. ‘दलदलीवर कोणी डॉक्टरेट करतं का?’ हा प्रश्न आमच्या नात्यात सगळ्यांनी विचारून झाला. मी प्रत्येकाला सांगितलं, तुमची मुलं जी करतात ती दलदलच आहे, फक्त वातानुकूलित आहे. जाताना तिनं आपली लाडकी घटपर्णी माझ्या हवाली केली. बुटकी, जांभळ्या शिरांची, तोंड आ करून बसलेली. दहावीपासून जगवलेली ती एकटीच. “आई, डिसेंबरात झोपव. विसरू नकोस हां.”

दर रविवारी दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न, “झाड कसंय?” मग वन्संशी बोलणं, मग बाबांशी. ऑक्टोबरात तिचा आवाज बारीक झाला. नोव्हेंबरात ती म्हणाली, “आई, इथे चारच्या आधी काळोख पडतो. घरात कोणी बोलायला नाही. मी काय करतेय इथे?” डिसेंबरात ती फोनवर रडली. माझी पोर चिखलात लोळणारी, अंधाराला न घाबरणारी, ती रडली आणि मी इकडे फोन धरून उभी.  आयुष्यभर वर्गात बोलले मी, आणि पोरीला विचारलं काय, तर ‘जेवलीस का?’

मग तिनंच काढलं. “एक करते. तू झाड झोपवलंयस ना? ते उठेपर्यंत मी थांबते. उठलं तर मी पण राहीन. नाही उठलं तर येते परत, बास.” मी म्हटलं, “अगं वेडे, असं कधी असतं का?” ती म्हणाली, “असूदे ना गं. मला कशावर तरी टाकायचंय.”

फोन स्पीकरवर होता. वन्संनी सगळं ऐकलं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ नुसती भांडी विसळत राहिल्या.

खरं सांगते, माझंही मन दोन्हीकडे ओढत होतं. झाड जगावं असं वाटायचं, आणि पोर घरी यावी असंही वाटायचं. पण वन्संचं तसं नव्हतं. त्यांचं मन एकाच बाजूला होतं. मुक्ताच्या ताटाची जागा त्यांनी तीन महिने कोणाला बसायला दिली नव्हती. साबुदाण्याची खिचडी केली की तिच्यासाठी वाटीभर बाजूला काढायच्या आणि मग संध्याकाळी ती स्वतःच खायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, “शुभा, पोरीला तिथे काय कमी आहे गं, की इथे नाही?” मी म्हटलं, “थंडी.” त्या म्हणाल्या, “थंडी हे काय सुख आहे?”

संक्रांतीच्या तोंडावर वन्संनी आंबेहळदीचं लोणचं घालायला घेतलं. दरवर्षीचं त्यांचं काम. ओली हळद, आंबेहळद, आलं, लिंबू, मीठ. बाकी काही नाही. त्या लोणच्यासाठी आमच्या इमारतीतल्या बायका आधीपासून बरण्या पाठवून ठेवतात. त्या दिवशी मी दुपारी गोखले रस्त्याला चष्मा आणायला गेले होते. परत आले, चपला काढल्या, स्वयंपाकघरात डोकावले. वन्सं विळीशी बसलेल्या. समोर ताटात आंबेहळदीच्या चकत्या, पिवळ्याधमक. आणि ताटाच्या कडेला वेगळे ठेवलेले चार जाड तुकडे, बाहेरून तपकिरी, आतून फिकट. शेजारी डबा उघडा. मॉस सांडलेलं.

“वन्सं!” मी एवढी जोरात ओरडले की बाहेर यांच्या हातातलं वर्तमानपत्र पडलं.

“अगबाई!” त्या म्हणाल्या. “ही आंबेहळद नव्हे? मला वाटलं, जास्तीची आणून ठेवलीस. नाक चोंदलंय गं माझं सकाळपासून, वासच कळला नाही.”

मी रडले नाही, ओरडलेही नाही पुन्हा. मी तुकडे उचलले, तळहातावर घेतले. माझ्या पोरीची दहावीपासूनची लाडकी, आणि आता तिचं राहणं न राहणं ज्याच्यावर टांगलेलं, ते चार चकत्या होऊन माझ्या हातात. हे मागून म्हणाले, “लोणच्यात गेली नाही हे नशीब.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत वर्तमानपत्राकडे गेले.

लपवायचं मला जमत नाही. शनिवार होता, तरी मी लगेच फोन लावला. सगळं सांगितलं.  पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! इतके महिने ऐकलं नव्हतं ते हसू. “आत्यानं चिरली? विळीवर? काय यार आत्या! मिठात घातलेलं नाही ना?” हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, “आई, थांब, फेकू नकोस. गड्ड्यावर बारीक फुगवटे असतात बघ, डोळ्यांसारखे. कुठल्या कुठल्या तुकड्याला डोळा आहे?” मी नवा चष्मा लावून पाहिलं. माझ्या मनात आलं, बटाट्याचं बेणं लावतात ते आणखी काय असतं? आणि मग मीच चकित झाले. प्रत्येकाला डोळा होता. तिन्ही काप बरोबर दोन डोळ्यांच्या मधोमध गेले होते.

तुकडे पुन्हा मॉसमध्ये गेले, डबा पुन्हा कप्प्यात गेला. त्या दिवसापासून डब्याची राखण वन्संकडे गेली. मी सांगितलं नव्हतं. त्या आपणच रोज सकाळी पूजा झाली की कप्पा ओढायच्या, झाकण उघडून मॉस ओलं आहे ना बघायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. फ्रिजमध्ये त्यांनी कोणाला हात घालू दिला नाही. एकदा यांनी लोणी काढायला दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, तर केवढ्या ओरडल्या! “दार लाव आधी, गारवा जातोय.” ज्यांना थंडी हे सुख वाटत नव्हतं त्या गारव्याची काळजी करत होत्या. मी म्हटलं, पश्चात्ताप असेल.

एक शंका मात्र माझ्या मनात घर करून होती. पन्नास वर्षं आंबेहळदीचं लोणचं घालणाऱ्या बाईला आंबेहळद कळू नये? तिला कैरीचा वास असतो, नावच त्यावरून पडलंय. विळी लागल्याबरोबर घरभर घमघमाट होतो. आणि या गड्ड्याला वास येतो तो ओल्या चिखलाचा. पण सर्दी होती म्हणाल्या. सर्दी असेल. मी विचारलं नाही.

शिवरात्रीला चारही तुकडे मी चार कुंड्यांत लावून खिडकीत ठेवले. काहीच होईना. रविवारमागून रविवार गेले. “उठलं?” “नाही अजून.” “बरं.” होळी आली, पुरणपोळ्या झाल्या, तरी मॉसवर काही दिसेना. मुक्ता एका रविवारी म्हणाली, “तिकीट बघून ठेवते हां.” मी ‘बघ’ म्हटलं. ती येणार म्हणून आनंद झाला की हरून येणार म्हणून वाईट वाटलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

आणि मग एका सकाळी वन्सं खिडकीपाशी उभ्या दिसल्या. पूजेचं ताम्हण तसंच हातात. हाक मारली नाही त्यांनी. मीच गेले. एका कुंडीत लाल टोक वर आलं होतं, मसुराच्या दाण्याएवढं. दुसरीतही होतं. पुढच्या आठवड्यात चारही कुंड्यांत. वन्सं म्हणाल्या, “मुक्ताला मी सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

रविवारी फोन आला. त्यांनी चष्मा लावला, पदर सारखा केला आणि एकाच दमात सांगितलं, “मुक्ते, उठली गं तुझी. चारही उठल्या. आता थांब तिथेच.” पलीकडे पोर ‘आत्या, आत्या’ एवढंच म्हणत राहिली. वन्संनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेल्या. त्या वेळी मला त्यांचा असा काही अभिमान वाटला! स्वतःला नको असलेली बातमी स्वतःच्या तोंडानं द्यायला छाती लागते.

मुक्ता राहिली. तिचं काम तिथे उभं राहिलं. आणि इकडे ठाण्यात त्या चार तुकड्यांचं काय झालं विचारा. वाढले, फुटले, त्यांचे आणखी झाले. कोपरीच्या माझ्या मैत्रिणीकडे त्यातली एक आहे, डोंबिवलीच्या माझ्या शाळेत एक आहे. तिथे हल्लीच्या मुलांना फळ्यावरचं चित्र बघावं लागत नाही. गेल्या वर्षी इथल्या फुलांच्या प्रदर्शनात मी एक कुंडी नेली, तर एक गृहस्थ लांबूनच म्हणाले, “ताई, ही जात ठाण्यात होत नाही. एखादा सीझन दिसते, मग जाते.” मी म्हटलं, “साहेब, तुमच्याकडे होत नसेल. माझ्या फ्रिजमध्ये जागा आहे.” नातवंडं खेळवावीत तशी मी ती कुंडी दिवसभर मांडीवर घेऊन बसले होते. आता एवढं केल्यावर मिरवायचंही नाही?

पण सगळ्यात मोठी मिरवणूक वेगळीच आहे. मुक्तानं तिथे घर घेतलं, छोटंसं, मागे हातभर अंगण. अंगणात एक जुनं दगडी सिंक पडलेलं. त्यात तिला या झाडांचा वाफा करायचा होता, आणि कोणती झाडं लावायची हे तिनं विचारलं मला! जन्म ठाण्यात काढलेल्या बाईला. ती तिथली डॉक्टर, तिच्या मागच्या टेकडीवर दवबिंदू गवतासारखा उगवतो, आणि विचारते मला. “आई, तू त्यांना जगवलंयस. मी फक्त त्यांच्यावर पेपर लिहिलेत.”

मग मी काय ऐकते! रविवारचे फोन दोन-दोन तास चालायला लागले. तिला उंच पिवळ्या सुरयांची घटपर्णी हवी होती. मी म्हटलं, “तिकडचं वारं तू सांगतेस तसं असेल तर ती पहिल्याच वादळात आडवी होईल. बुटकी घे. जांभळी, आपल्याकडची. तिचे पेले जमिनीलगत असतात, पावसानं आपोआप भरतात, बर्फ अंगावर पडला तरी झोपून राहते.” तिला वेलावर लोंबणारे घट असलेली एक जात फार आवडली होती. “ती उष्ण देशाची, ती मला दे,” मी म्हटलं, “तुझ्याकडे एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखी होईल.” माशीला मिटून घेणारं, ज्या झाडाचे व्हिडिओ सगळे बघतात, ते व्हीनस फ्लायट्रॅप तिच्या शेजारणीलाही हवं होतं. मी सांगितलं, ते घ्या, पण कडाक्याच्या थंडीत आडोशाला, काचेच्या खोपटात. आणि पहिला मान तिथल्याच गोल पानांच्या दवबिंदूला. तो हिवाळ्यात इतका आवळून मिटतो की हिरव्या मिऱ्यासारखा दिसतो, त्याला बर्फाचं कौतुक नाही. घरच्या माणसाला आधी जागा द्यावी, पाहुण्यांना मागून.

पीट, म्हणजे दलदलीतून खणून काढलेली माती, विकत आणायचं नाही असा मात्र तिचा हट्ट. “त्या दलदली वाचवायला तर मी इथे बसलेय, आई. त्याच खणून कुंडीत भरू?” मॉस तिनं स्वतः वाढवलं. आणि परदेशी झाडं सिंकच्या बाहेर जाऊ द्यायची नाहीत, रानात पसरायला नकोत, हाही नियम तिचाच. मी मान्य केलं. इतकं तरी तिला कळायलाच हवं, माझी मुलगी आहे.

वाफ्याच्या पहिल्या हिवाळ्यात तिचा घाबरून फोन आला. “आई, सगळं काळं पडलं. झोपेत एवढं काळं पडतं का? कुजलंय बहुतेक. उपटू?” मी म्हटलं, “खबरदार हात लावलास तर. झोपलंय ते.” मागून वन्संनी सांगितलं, “अगं, झोपलेल्या माणसाचं पांघरूण ओढू नये.” वसंतात तिच्या सिंकमधली, मी निवडलेली, एकूण एक झाडं वर आली. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे. मासुंदा तलावाला फिरायला येणाऱ्या सगळ्या बायकांनी तो पाहिलेला आहे, काहींनी दोनदा.

तर काल. रविवार होता. मी सकाळीच कप्प्यातला डबा काढला, ओट्यावर कागद पसरला आणि गड्डे मोकळे करायला घेतले. यंदा मुक्ताही तिकडे तेच करत होती. तिची बुटकी जांभळी आता इतकी दाटलीय की मधले फुटवे गुदमरायला लागलेत, ती कापून वेगळी करायलाच हवी. दुपारी आम्ही फोन समोरासमोर उभे केले. तिच्या टेबलावर गड्डा, हातात सुरी, मागच्या खिडकीत करडं आभाळ.

“आई, धीर होत नाही गं,” ती म्हणाली. “मेली तर? तिथे तुझ्याकडे खूप आहेत. माझ्याकडे ही एकच आहे.”

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. वन्सं माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. आता त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि फोनकडे वाकून म्हणाल्या, “मुक्ते, काप. घाबरू नकोस. मी चिरली तेव्हा मला ठाऊक होतं, ती आंबेहळद नव्हे म्हणून.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“सर्दी-बिर्दी काही नव्हती मला. डब्याचं झाकण उघडलं आणि वास आला, चिखलाचा. तुझा गणवेश धुतलेला, त्या वासाचा. म्हटलं, हे मेलं की पोर घरी येईल. आणि विळीवर धरलं. पहिला काप न बघताच दिला. मग उरलेले काप डोळे बघून दिले, बटाट्याचं बेणं चिरतात तसे. का, ते मला विचारू नकोस. मारायला बसलेल्या बाईच्या हातून नाही मेली ती. तू तर जीव लावून कापणार आहेस.”

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं शंका मनात ठेवली होती, आता ती खरी ठरली होती. पण मला आठवली ती रोज सकाळी पूजा झाल्यावर कप्पा ओढणारी, मॉस चाचपणारी बाई. पहिला काप पोरीला परत आणायला आणि पुढचे तिला राहू द्यायला, एकाच दुपारी, एकाच विळीवर. माझ्या घरात असं माणूस आहे, याचाच मला अभिमान वाटला, आणि डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

फोनमध्ये मुक्ताची मान खाली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. सुरी गड्ड्यावर टेकली, थोडी सरकली, दोन डोळ्यांच्या मध्ये आली आणि खाली गेली.

“कापलीस?” वन्संनी विचारलं.

“हो, आत्या.”

“वास घे. कसला येतोय?”

तिनं तुकडा नाकाशी नेला. 

“खडवलीचा,” ती म्हणाली.